ओल आणि वाट: स्यूडोमोनास रोग कसा घडवतो आणि घरच्या आजारी माणसाला त्यापासून कसे जपावे

रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांच्या हाती औषधांची चिठ्ठी दिली जाते, पुढच्या ड्रेसिंगची तारीख सांगितली जाते आणि जाता जाता ‘इन्फेक्शन होऊ देऊ नका’ असे एक वाक्य ऐकवले जाते. ते कसे होऊ द्यायचे नाही, हे समजावून सांगायला बहुधा कोणाला सवड नसते. पुढील मार्गदर्शन त्या एका वाक्यासाठी आहे, आणि तेही एकाच जिवाणूपुरते, म्हणजे स्यूडोमोनास एरुजिनोसापुरते. भाजलेली जखम, लघवीची नळी, गळ्यात बसवलेली नळी, केमोथेरपी, मधुमेही माणसाचा कान, कॉन्टॅक्ट लेन्स अशा एरवी एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी हाच जिवाणू पुन्हा पुन्हा सापडतो. तो रोग कसा घडवतो हे एकदा नीट कळले, की काळजीचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

विषमज्वराचा किंवा पटकीचा जंतू पुरेशा संख्येने पोटात गेला तर धडधाकट माणसालाही आजारी पाडतो. स्यूडोमोनासचे तसे नाही. तो मातीत असतो, साठवलेल्या पाण्यात असतो, मोरीच्या जाळीखाली, बेसिनच्या वाकड्या नळीत, भांडी घासायच्या ओल्या स्पंजात, फुलदाणीच्या पाण्यात आणि कच्च्या भाज्यांवरही असतो. आपण रोज त्याला हात लावतो आणि आपले काही बिघडत नाही, कारण अखंड त्वचा, डोळ्यांतले अश्रू, श्वासनलिकेतला चिकट थर वर ढकलणारे सूक्ष्म केस आणि रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला पाय रोवू देत नाहीत. या पहाऱ्यात कुठे खिंडार पडले तरच त्याचा चंचुप्रवेश होतो. म्हणून त्याला संधिसाधू म्हणतात. त्याच्याविरुद्धची सारी काळजी दोन प्रश्नांत मावते: घरात ओल कुठे साचते आहे, आणि रुग्णाच्या शरीरात वाट कुठे उघडी आहे? ही दोन ठिकाणे एकमेकांना भेटू द्यायची नाहीत, एवढेच काम आहे. ते ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात रोज करावे लागते.

शत्रूची ओळख

त्याच्या नावातील ‘एरुजिनोसा’ हा शब्द तांब्याच्या भांड्यावर चढणाऱ्या हिरव्या कळंकासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे. हे नाव १८७२ मधले. पुढे १८८२ मध्ये कार्ल जेसार या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने जखमांच्या पट्ट्यांवर उमटणाऱ्या निळ्याहिरव्या डागांचा माग काढत हा जिवाणू वेगळा करून दाखवला. तो निळा रंग पायोसायनिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि पिवळसर हिरवा रंग पायोव्हर्डिनचा. प्रयोगशाळेत त्याची वाढ झालेल्या बशीला द्राक्षाच्या सरबतासारखा गोडसर वास येतो. जुन्या काळी जळित विभागात काम केलेल्या परिचारिकांना पट्टी सोडण्याआधीच वासावरून संशय येत असे, आणि तो बहुधा खराही ठरत असे.

या जिवाणूला जगायला फार काही लागत नाही. रुग्णालयांतील उपकरणांमधून घेतलेला स्यूडोमोनास निव्वळ डिस्टिल्ड वॉटरमध्येही झपाट्याने वाढतो, असे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. माणसाला ज्यात अन्नाचा कण दिसत नाही, तिथे त्याची पंगत बसते. तो ४२ अंश सेल्सिअसलाही वाढतो, त्यामुळे नुसता कोमटपणा त्याला मारत नाही. त्याची संपूर्ण जनुकीय माहिती २००० मध्ये वाचली गेली, तेव्हा तिच्यात सुमारे ६३ लाख अक्षरे आणि साडेपाच हजारांहून अधिक जनुके आढळली. जिवाणूच्या मानाने हा मोठा संसार आहे आणि त्यातला बराच भाग परिस्थितीप्रमाणे वागणूक बदलण्यासाठी राखलेला आहे. यातली घराला लागू पडणारी गोष्ट अशी, की पातळ करून आठवडाभर तसेच ठेवलेले जंतुनाशक द्रावणदेखील त्याचे घर होऊ शकते. अशा दूषित जंतुनाशकांतून रुग्णालयांत साथी पसरल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. बाटलीवर जंतुनाशक असे लिहिले आहे म्हणून आतले पाणी निर्जंतुक आहे, असे समजू नये.

तो रोग कसा घडवतो

पहिली पायरी चिकटण्याची. अखंड त्वचेवर किंवा निरोगी अस्तरावर त्याला सहसा पकड मिळत नाही. पण पेशी दुखावलेल्या असतील, किंवा तिथे रबराची अथवा प्लॅस्टिकची नळी असेल, तर शेपटीसारख्या कशाभिकेने पोहत येऊन तो आपल्या बारीक तंतूंनी त्या जागेला धरतो. शरीराबाहेरून आत जाणारी प्रत्येक नळी त्याच्यासाठी दुहेरी सोय असते. ती वाट उघडी ठेवते, आणि जिवंत नसल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर पांढऱ्या पेशींचा बंदोबस्त नसतो.

दुसरी पायरी जमवाजमवीची आहे, आणि मला या जिवाणूची हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. प्रत्येक जिवाणू आपल्याभोवती काही लहान रासायनिक संदेश सोडत असतो. जिवाणू थोडे असतील तर ते संदेश विरून जातात. गर्दी वाढली की त्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे जाते आणि सगळे जिवाणू जवळपास एकाच वेळी आपली वागणूक बदलतात. संख्या कमी असताना हल्ला केला तर शरीर जागे होऊन त्यांचा फडशा पाडील, म्हणून पुरेसे बळ जमेपर्यंत ते गप्प राहतात. ‘काल संध्याकाळपर्यंत जखम चांगली होती’ असे नातेवाईक सांगतात, ते अनेकदा खरे असते. त्या वेळी जमवाजमव चालू असते.

बळ जमले की हत्यारे बाहेर येतात. ज्या पेशीला तो चिकटला असेल तिच्यात इंजेक्शनच्या सुईसारख्या रचनेतून तो थेट विषारी प्रथिने टोचतो. त्यांपैकी काही प्रथिने पांढऱ्या पेशींनाच लुळे करतात किंवा मारतात. त्याचे एक्झोटॉक्सिन ए हे विष पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते. घटसर्पाचे विष नेमक्या याच ठिकाणी घाव घालते. इलॅस्टेज नावाचे विकर (एन्झाइम) रक्तवाहिन्यांना आणि फुप्फुसांना लवचीकपणा देणारे तंतू पचवते. पायोसायनिन पेशींमध्ये घातक ऑक्सिजन-संयुगे तयार करून त्यांना आतून जाळते. दुसरे रंगद्रव्य पायोव्हर्डिन हे लोह पळवते. शरीर आपले लोह प्रथिनांत बांधून ठेवते, कारण जिवाणूंनाही ते हवेच असते. पायोव्हर्डिन त्या प्रथिनांच्या हातून ते काढून घेते. पट्टीवर दिसणारा हिरवट रंग हा नुसता डाग नसतो, चोरीचे हत्यारच तिथे सांडलेले असते.

शेवटी तो वस्तीभोवती चिकट आवरण तयार करतो. हे जैवपटल म्हणजे बायोफिल्म. बेसिनच्या नळीत बोट घातले तर लागणारा बुळबुळीत थर आणि जुन्या कॅथेटरच्या, म्हणजे शरीरात घातलेल्या नळीच्या, आतला थर हे मुळात एकाच जातीचे असतात. या आवरणाच्या आत अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही, पांढऱ्या पेशींना आतल्यांना गिळता येत नाही, आणि खोल थरातील जिवाणू इतक्या संथपणे जगतात, की वाढत्या जिवाणूला मारणारी औषधे त्यांना मारू शकत नाहीत. ताप उतरतो, औषध बंद होते, आठ दिवसांनी ताप पुन्हा येतो. अशा वेळी औषध हलके होते असा निष्कर्ष लोक काढतात. बहुतेकदा पाणी शरीरातल्या त्या नळीतच मुरत असते, आणि नळी बदलल्याखेरीज किंवा काढल्याखेरीज काम भागत नाही.

आधी घरातली ओल शोधावी

रुग्ण घरी येण्यापूर्वी त्याच्या खोलीत उभे राहून पाणी कुठे कुठे साचते हे पाहावे. बेसिन आणि मोरी रुग्णाच्या खाटेपासून दूर असलेली बरी. टोरांटोच्या एका रुग्णालयात २००४ ते २००६ या काळात अतिदक्षता विभागातील ३६ रुग्णांना बहुऔषधरोधक स्यूडोमोनासची लागण झाली. शोध घेतल्यावर हात धुण्याच्या बेसिनची नळी हे त्याचे उगमस्थान निघाले. नळाची धार थेट जाळीवर पडत होती आणि त्यातून उडणारे तुषार किमान एक मीटरपर्यंत जात होते. उत्तर आयर्लंडमध्ये डिसेंबर २०११ आणि जानेवारी २०१२ मध्ये नवजात अर्भकांच्या विभागांत या जिवाणूने चार बाळांचा जीव घेतला, तेव्हा संशयाची सुई नळांकडे वळली. स्वच्छतेसाठीच बसवलेली वस्तू जंतूंचे ठिकाण ठरावी, हे मनाला पटवून घ्यायला अवघड जाते. पण घरातही ड्रेसिंगचा ट्रे, औषधाचे तुषार श्वासातून देणाऱ्या नेब्युलायझरचा मास्क किंवा औषधाची बाटली बेसिनच्या काठावर ठेवण्याची आपल्याला सवय असते, ती मोडली पाहिजे. हे सामान कोरड्या टेबलावर, नळापासून किमान चार हात दूर ठेवावे.

रुग्णाचे अंग पुसायचा फडका दोरीवर उन्हात खडखडीत वाळवावा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तो चार दिवस दमटच राहतो, तेव्हा रोज धुतलेला आणि इस्त्री फिरवलेला वेगळा नॅपकिन वापरणे अधिक शहाणपणाचे. स्पंज वापरूच नये. जंतुनाशक द्रावण पातळ करायचे असेल तर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात रोज ताजे करावे, उरलेले ओतून द्यावे, आणि जुन्यात नवे घालून भर कधीही टाकू नये. हात साबणाने धुतल्यावर ते पूर्ण कोरडे करावेत, कारण ओले हात हेही एक पाण्याचे ठिकाणच आहे. हात स्वच्छ दिसत असतील तर अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर चांगले काम करतो आणि त्यात बेसिनजवळ जावेच लागत नाही.

वाटा सांभाळणे: जखम आणि भाजणे

भाजल्यावर पहिल्या क्षणी नळाचे वाहते गार पाणी वीस मिनिटे घालणे योग्यच आहे. वर इतके सगळे वाचल्यावर पाण्याची भीती बाळगून तेवढा प्रथमोपचार चुकवू नये. त्यानंतर मात्र स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून डॉक्टरांकडे जावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. त्यांनी जंतू तर आत जातातच, शिवाय भाजणे किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही.

खोल भाजल्यावर जी जळालेली त्वचा उरते तिला रक्तपुरवठा नसतो. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत, आणि शिरेतून दिलेले अँटिबायोटिकही तिथे पोहोचत नाही. खाली ओलसर, उबदार, प्रथिनांनी भरलेले मेलेले ऊतक असते. स्यूडोमोनाससाठी याहून चांगले शेत नाही. शल्यविशारद ही मेलेली त्वचा लवकर काढण्याचा आग्रह धरतात तेव्हा ‘आपोआप पडेल, कशाला कापाकापी’ म्हणून घरच्यांनी तो लांबवू नये.

घरी ड्रेसिंग करायला सांगितले असेल तर सामान आधी मांडून घ्यावे, हात स्वच्छ करावेत, जुनी पट्टी काढून वेगळ्या पिशवीत टाकावी, पुन्हा हात स्वच्छ करावेत आणि मगच नवी पट्टी हाताळावी. मधला हात धुणे हमखास विसरले जाते. सलाईनने धुवायला सांगितले असेल तर सलाईनच वापरावे, उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी. पट्टी भिजली, मग ती आंघोळीच्या पाण्याने असो वा जखमेच्या स्रावाने, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता बदलावी.

एक लहानशी पण फसवी जखम वेगळी सांगितली पाहिजे. रबरी तळव्याचे खेळाचे बूट घालून चालताना खिळा आरपार पायात घुसला, तर बुटाच्या आतल्या ओलसर थरातील स्यूडोमोनास थेट हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत जाऊ शकतो. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन लोक निश्चिंत होतात, दुखणे कमी होते, आणि आठ-पंधरा दिवसांनी मूल पुन्हा लंगडू लागते. असे झाले की पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे आणि खिळा बुटातून गेला होता हे आवर्जून सांगावे.

नळ्या, मास्क आणि बाटल्या

लघवीच्या नळीबाबत पहिला प्रश्न ती अजून हवी आहे का, हाच असावा, आणि प्रत्येक भेटीत तो डॉक्टरांना विचारावा. नळी जितके दिवस राहील तितकी वस्तीची शक्यता वाढत जाते. नळी आणि पिशवी यांचा जोड शक्यतो उघडू नये. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. रुग्णाला कुशीवर वळवताना ती खाटेवर ठेवली जाते आणि लघवी उलटी आत जाते, हे घराघरांत घडते. पिशवी पूर्ण भरू देऊ नये. रिकामी करताना तिची तोटी भांड्याच्या कडेला लागू देऊ नये, आणि ते भांडे दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये.

नेब्युलायझर तर जंतूंना थेट फुप्फुसात पोहोचवणारे वाहनच होऊ शकते, कारण तो पाण्याचे इतके बारीक कण करतो की ते श्वासनलिकेच्या टोकापर्यंत जातात. प्रत्येक वापरानंतर औषधाचा कप आणि मास्क सुटे करून साबणाच्या पाण्याने धुवावेत. त्यानंतर, कंपनीने तो भाग उकळायला चालतो असे लिहिले असेल तर, दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावा. चालत नसेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटे बुडवून उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळून घ्यावा. व्हिनेगरवर विसंबू नये. शेवटी सर्व भाग स्वच्छ कोरड्या कापडावर पसरून हवेत पूर्ण वाळवावेत आणि नंतरच डब्यात ठेवावेत. ओला मास्क प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. ऑक्सिजनच्या यंत्राला लावलेल्या पाण्याच्या बाटलीलाही हाच न्याय लागू आहे. पाणी रोज बदलावे, बाटली धुवावी, आणि पाणी कमी झाले म्हणून वरून भर घालू नये.

गळ्यात नळी बसवलेल्या रुग्णाच्या बाबतीत सक्शनची, म्हणजे नळीतला स्राव ओढून काढण्याची, पद्धत रुग्णालयातल्या परिचारिकेकडून समोर उभे राहून शिकून घ्यावी. ती वाचून शिकायची गोष्ट नव्हे.

डोळा आणि कान

कॉन्टॅक्ट लेन्सला नळाचे, बाटलीचे किंवा कोणतेही साधे पाणी लागू देऊ नये. थुंकी तर नाहीच. लेन्स घालून झोपू नये, डबीतले जुने द्रावण रोज ओतून नवे भरावे, डबी उपडी ठेवून वाळवावी आणि तीन महिन्यांनी फेकून द्यावी. लेन्सखाली बुबुळाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म ओरखडा आला की स्यूडोमोनासला वाट मिळते, आणि त्याची विकरे बुबुळाचा पारदर्शक पडदा दोन-तीन दिवसांत विरघळवू शकतात. म्हणून लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपेची गोळी देणे आहे.

थेंबांच्या बाटलीबाबतही सावध राहावे. २०२३ मध्ये अमेरिकेत, भारतात तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी जोडलेली एक साथ उघडकीस आली. त्या थेंबांत जंतुरोधक घटक नव्हता. मे २०२३ पर्यंत १८ राज्यांत ८१ रुग्ण नोंदले गेले, काहींची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. आपल्या हातात एवढेच आहे की बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नये, बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये आणि लेबलवर दिलेली मुदत संपली की उरलेल्या थेंबांचा मोह धरू नये.

कानाचा विषय वयस्कर मधुमेही माणसांच्या संदर्भात गंभीर आहे. त्यांच्या कानाच्या नळीतील संसर्ग कूर्चेतून कवटीच्या तळाच्या हाडात उतरू शकतो. त्याला इंग्रजीत मॅलिग्नंट म्हणत असले तरी तो कर्करोग नव्हे. मात्र दुर्लक्ष केले तर चेहऱ्याची नस लुळी पडते आणि जिवावर बेतते. अशा माणसाचा मळ पाण्याच्या पिचकारीने काढू नये, कानात कोमट तेल घालण्याची आजीच्या काळातली पद्धत त्याच्यासाठी बंद ठेवावी, आणि काडी, पिन, किल्ली कानात घालू देऊ नये. रात्री झोपू न देणारी कानदुखी आणि स्राव ही दोन लक्षणे मधुमेही माणसात एकत्र आली तर कानात मळ आहे असे समजून थांबू नये. उपचार अनेक आठवडे चालतो, आणि दुखणे थांबले म्हणून तो मध्येच सोडायचा नसतो.

केमोथेरपी चालू असताना

इथे वाट शोधावी लागत नाही, कारण पहारेकरीच कमी झालेले असतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० च्या खाली गेली, की आतड्यातून किंवा हिरडीच्या लहानशा चिरेतून रक्तात शिरलेला स्यूडोमोनास काही तासांत घात करू शकतो. अशा वेळी पू होत नाही, कारण पू मुळात पांढऱ्या पेशींचाच असतो. लाली आणि सूजही फारशी दिसत नाही. ताप हे कित्येकदा एकमेव लक्षण असते. म्हणून तोंडाने मोजलेला ताप एकदाही ३८.३ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे १०१ अंश फॅरेनहाइट झाला, किंवा ३८ अंशांवर तासभर टिकला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच निघावे आणि दारातच ‘केमो चालू आहे’ असे सांगावे. रुग्णालयात पोहोचल्यापासून पहिल्या तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हावे, असा संकेत आहे. मध्यभागी काळा आणि कडेने लाल असा चट्टा त्वचेवर दिसला तर तो रक्तातील स्यूडोमोनासचे चिन्ह असू शकतो. या काळात गुदमार्गे ताप मोजणे, एनिमा किंवा तिथून औषध देणे टाळावे, आणि फुलदाणी खोलीबाहेर ठेवावी. भेटायला येणाऱ्यांनी पुष्पगुच्छ आणला तर तो गॅलरीत शोभून दिसतो.

वस्ती की रोग: रिपोर्ट कसा वाचावा

कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ हे शब्द दिसले की घर हादरते. पण जिवाणू सापडणे आणि त्याने रोग घडवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. महिनाभर नळी असलेल्या माणसाच्या लघवीत, किंवा गळ्यातील नळीच्या स्रावात, तो नुसता वस्ती करून असू शकतो. ताप नाही, पोटात दुखत नाही, श्वास वाढलेला नाही, रुग्ण नेहमीसारखा आहे, तर केवळ कागदावरच्या नावासाठी अँटिबायोटिक देण्याने सहसा फायदा होत नाही. त्या औषधाने सोबतचे निरुपद्रवी जंतू मरतात आणि मागे उरतो तो त्या औषधाला न जुमानणारा स्यूडोमोनास. माझ्या मते घरगुती पातळीवर या जिवाणूच्या बाबतीत होणारे सर्वांत मोठे नुकसान भीतीपोटी मागून घेतलेल्या अशा औषधाने होते. पट्टीवर हिरवा डाग दिसला तर डॉक्टरांना जरूर दाखवावा, पण निर्णय जखमेच्या कडा, वेदना, ताप आणि रुग्णाची एकंदर अवस्था पाहून होऊ द्यावा.

रिपोर्टमध्ये नमुना कुठून घेतला हे आधी पाहावे. रक्तातून आला असेल तर तो कधीही हलका घेऊ नये. खाली औषधांच्या नावांपुढे एस, आय, आर अशी अक्षरे असतात: एस म्हणजे औषध लागू पडण्याची अपेक्षा, आर म्हणजे जिवाणू त्याला दाद देत नाही, आय म्हणजे मधली अवस्था. यादीतले पहिले एस असलेले औषध दुकानातून आणणे हा रिपोर्टचा उपयोग नव्हे. औषध संसर्गाच्या जागी पोहोचते का, मूत्रपिंडे ते सहन करतील का, हे कागदावर लिहिलेले नसते.

आपल्याकडे दुकानातून सहज आणली जाणारी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन ही औषधे या जिवाणूवर निरुपयोगी आहेत, कारण त्याचा बाहेरचा पडदा औषधाला सहज आत येऊ देत नाही आणि जे आत येते ते तो पंपांनी बाहेर फेकतो. तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी भरवशाचा गट जवळजवळ एकच, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन यांचा. बाकी सेफ्टाझिडिम, पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, अमिकासिन ही शिरेतून देण्याची. साध्या जुलाबाला किंवा सर्दीला सिप्रोफ्लॉक्सासिन खाणारा माणूस ती एकमेव तोंडी वाट स्वतःच बुजवत असतो. मेरोपेनेम ज्यात मोडते त्या कार्बापेनेम गटाला न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या यादीत अतिगंभीर आणि २०२४ च्या यादीत उच्च प्राधान्याच्या वर्गात ठेवले आहे.

रुग्णाला तातडीने हलवण्याची वेळ ओळखायची असेल तर पुढील गोष्टींवर लक्ष ठेवावे: थंडी वाजून ताप येणे, किंवा उलट अंग थंडगार पडणे, श्वास आणि नाडी वाढणे, लघवी कमी होणे, बोलण्यात गोंधळ होणे किंवा माणूस नेहमीपेक्षा सुस्त पडणे, जखमेचा रंग एका दिवसात काळपट होणे. वयस्कर माणसात ताप नसतानाही नुसता गोंधळलेपणा पुरेसा इशारा असतो.

निघताना एका पिशवीत चार गोष्टी घ्याव्यात: मागील सर्व कल्चर रिपोर्ट, गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या अँटिबायोटिकांची नावे आणि दिवस, नळी शेवटची कधी बदलली ती तारीख, आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची नोंद. पहिल्या तासात कोणते औषध निवडायचे हे डॉक्टर त्या कागदांवरून ठरवतात, कारण नव्या कल्चरचे उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात.